गुणवत्ता हे मालकाचं काम की क्यूसीवाल्याचं (माल तपासणाऱ्याचं)? (आयएसओ, डेमिंग आणि आपल्याकडचे कारखाने)

मेहरूणकाठ

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं पीव्हीसी पाइपचं लहानसं युनिट आहे. वडिलांनी सुरू केलं, आता कारभार माझ्याकडे आलाय. आयएसआय मार्क आहे, माल आयएस ४९८५ प्रमाणे निघतो, स्वतःची लॅब आहे. आता एका मोठ्या खरेदीदाराने आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) मागितलंय.

सल्लागार येऊन गेले. म्हणाले, "शेठ, तुम्हाला काहीच करायचं नाही. फाइली आम्ही बनवतो, तुमचा एक माणूस द्या, ऑडिटच्या दिवशी तासभर केबिनमध्ये बसा." ऐकायला सोयीचं आहे. पण मी स्वतः वाचायला घेतलं तर भलतंच निघालं. २०१५ च्या आवृत्तीमागे सात तत्त्वं सांगितली आहेत: ग्राहकावर लक्ष, नेतृत्व, माणसांचा सहभाग, काम प्रक्रिया म्हणून बघणं, सुधारणा, पुराव्यावरून निर्णय, आणि पुरवठादारासह सगळ्यांशी नीट संबंध. नेतृत्व दुसऱ्या नंबरवर. त्यातलं पाचवं कलम तर पूर्ण नेतृत्वावरच आहे. मग "तुम्हाला काही करायचं नाही" हे कसं काय?

माझा प्रश्न साधा आहे. हे मनापासून घ्यायचं ठरवलं तर कारखाना चालवणाऱ्याच्या रोजच्या वागण्यात काय बदलतं? सकाळी गेटातून आत गेल्यावर मी काय वेगळं करायचं? डाळ, चटई, केळी, तेल, कोणताही धंदा असो, जे कामातून गेलेत त्यांनी लिहा. पुस्तकी व्याख्या मी वाचल्या आहेत.

एरंडोल_क्यूसी

भाऊ, सल्लागार तुम्हाला २०१५ च्या आधीचं सांगतोय. तेव्हा मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह नेमणं सक्तीचं होतं. सगळे त्याला एमआर म्हणायचे. हेतू चांगला होता, पण झालं असं की गुणवत्तेचं सगळं ओझं त्या एकाच्या डोक्यावर. खरेदी त्याच्या हातात नाही, पगार त्याच्या हातात नाही, मशीन कधी बंद ठेवायचं तेही नाही. तरी रिजेक्शनचा जाब त्यालाच. २०१५ मध्ये ती अट काढून टाकली. माणूस नेमायला मनाई नाही, पण व्यवस्था चालते की नाही याचं उत्तर सर्वात वरच्याने द्यायचं, असं ५.१.१ मध्ये स्पष्ट आहे. जाडजूड क्वालिटी मॅन्युअलसुद्धा आता सक्तीचं नाही. तुमचा सल्लागार नेमकं तेच विकतोय.

आता कामातलं. मी आधी जिथे होतो तिथेही पाइपच निघायचा. दरवर्षी उन्हाळा लागला की तक्रारी सुरू: पाइप गोल राहत नाही, सॉकेटमध्ये बसत नाही. तक्रारीचा माल बहुतेक दुपारपाळीचा. त्यामुळे दुपारपाळीचा ऑपरेटर कामचुकार आहे हे सगळ्यांनी मनाशी धरलेलं. एक दंडाची वही होती, तिच्यात त्याचंच नाव जास्त.

मग मालकांची सून कारखान्यात लक्ष घालू लागली, तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. तिने कोणाला बोल लावला नाही. म्हणाली, दर तासाला पाइपचा व्यास दोन दिशांनी मापता, त्याच रकान्याशेजारी गरम पाइप थंड करणाऱ्या टाकीतल्या पाण्याचं तापमान लिहा. मला तेव्हा ते फालतू काम वाटलं होतं, पण लिहिलं. काही दिवसांत कागदच बोलला. दुपारी बारानंतर व्हॅक्यूम टाकीतलं पाणी तापायचं, पाइप हॉल-ऑफपर्यंत (पाइप पकडून पुढे ओढणारं यंत्र) पोचेस्तोवर पुरेसा घट्ट व्हायचा नाही, आणि पकडीत दबून चपटा व्हायचा. पाण्याची मुख्य टाकी शेडच्या छतावर उघडी. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात पत्र्यावरची टाकी. वर चिलर (पाणी गार करणारं यंत्र) एका लाइनपुरता घेतलेला आणि नंतर दुसरी लाइन त्याच्यावरच जोडलेली.

तो ऑपरेटर हे सांगत होता बरं का. "पानी गरम येतंय" असं तो फोरमनला म्हणायचा, फोरमन हो म्हणायचा आणि विषय तिथेच संपायचा. दुसरी लाइन जुन्या चिलरवर जोडायची हा निर्णय एसी केबिनमध्ये झाला होता आणि दंड पत्र्याखाली उभ्या माणसाला होत होता. टाकीवर सावली केली, नळाला इन्सुलेशन गुंडाळलं, पुढच्या हंगामाआधी दुसरा चिलर आला. वहिनींनी दंडाची वही स्वतः बंद केली.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: माल बिघडला की "कोणाच्या पाळीत?" हा पहिला प्रश्न विचारायचं सोडा. "हे घडू शकलं कसं?" असं विचारा, आणि उत्तरात पैसे लागले तर ते मंजूर करायची तयारी ठेवा. ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही.

वरणगाव_निवृत्त

चांगला विषय काढलात. माझं आयुष्य दारूगोळ्याच्या तपासणीत गेलं. कामाच्या आतल्या गोष्टी लिहिता येणार नाहीत, पण जे जाहीर आणि सर्वमान्य आहे ते सांगतो.

काडतूस चालतं की नाही हे बघायचं तर ते उडवावं लागतं. उडवलं की ते संपलं. म्हणजे शंभर टक्के तपासणी करून माल द्यायचा हा रस्ता आमच्या धंद्यात मुळातच बंद. उरतं काय? थोडे नमुने उडवायचे आणि बाकीच्यांचा भरवसा प्रक्रियेवर ठेवायचा. पितळ कसं आलं, कप कसा ओढला, भट्टीचं तापमान काय होतं, दारूचं वजन किती, हे प्रत्येक पायरीला सांभाळलं असेल तरच शेवटच्या नमुन्याला अर्थ. अमेरिकी गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग पुढे म्हणाले की तपासणीवर विसंबून गुणवत्ता मिळत नाही. आमच्याकडे ते पहिल्या दिवशीच कळायचं.

आणि हे सगळं तिथूनच आलंय. वॉल्टर श्यूहार्टने १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत नियंत्रण आलेखाची (मापं टिपून प्रक्रिया ताब्यात आहे का बघायचा आलेख) कल्पना मांडली. बेल लॅबमध्ये डॉज आणि रोमिग यांनी नमुना तपासणीचे तक्ते केले. दुसऱ्या महायुद्धात ते दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामी आले. पुढे अमेरिकी सैन्याने १९५९ मध्ये पुरवठादारांसाठी मिल-क्यू-९८५८ हे गुणवत्तेचं मानक काढलं, ब्रिटनने १९७९ मध्ये बीएस ५७५० काढलं आणि त्यावरून १९८७ मध्ये आयएसओ ९००१ आलं. म्हणून जुन्या आवृत्त्यांना लष्करी कागदपत्रांचा वास होता. २००० च्या आवृत्तीत प्रक्रियेचा विचार आला आणि तत्त्वं आली. तेव्हा ती आठ होती, २०१५ ला सात झाली.

एक गोष्ट अभिमानाने सांगावीशी वाटते. डेमिंग यांची जपानमधली प्रसिद्ध व्याख्यानं १९५० ची. त्याच्या आधी, १९४७-४८ मध्ये, खुद्द श्यूहार्ट भारतात येऊन गेले होते, महालनोबिस यांच्या कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेच्या बोलावण्यावरून. म्हणजे शास्त्र आपल्या दारात आधी आलं. मग जपान पुढे का गेलं? मला सापडलेलं कारण असं: तिथे डेमिंग फक्त इंजिनिअरांना शिकवून थांबले नाहीत. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांनाही समोर बसवण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि ते प्रमुख आले. १९५४ मध्ये दुसरे गुणवत्तातज्ज्ञ जुरान गेले, त्यांचाही भर वरच्या व्यवस्थापनावर. आपल्याकडे हे शास्त्र बराच काळ तपासनीस आणि सांख्यिकीवाल्यांपुरतं राहिलं. जपानचं डेमिंग पारितोषिक गुणवत्तेसाठी १९५१ पासून दिलं जातं, आणि भारतातल्या कंपनीला ते पहिल्यांदा मिळालं १९९८ मध्ये, सुंदरम-क्लेटनला. मधली वर्षं मोजा.

केळीपट्टा

काका, तुमचं काडतूस वाचून थक्क झालो, कारण केळीचं तसंच आहे. मी रावेर तालुक्यातला. घरची बाग आहे आणि गेली काही वर्षं एक्स्पोर्टच्या पॅकिंगचं काम बघतो.

हिरव्या केळीला मार लागला तर तेव्हा दिसत नाही. फणी हातात घ्या, उलटी करा, चकाचक दिसेल. पेटीत भरा, कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर ठेवा, जहाजाने आखातात पोचवा. तिथे रायपनिंग चेंबरमध्ये माल पिवळा झाला की सगळे घासे, सगळे दाब काळे होऊन वर येतात. तोवर माझा पॅकिंगचा तपासनीस घरी जेवून झोपलेला असतो. त्याने कितीही डोळे फाडून बघितलं तरी सालीखालचा दाब त्याला दिसणारच नाही. तापमान १३ च्या खाली गेलं तरी तीच तऱ्हा, पिकल्यावर साल राखाडी पडते.

मग मार लागतो कुठे? कापणीवाला घड खांद्यावर घेतो तिथे, बागेच्या बांधावर टेकवतो तिथे, ट्रॉलीत एकावर एक रचतो तिथे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घड कापून ट्रकात रचायची पद्धत, आणि मजुरी मोजायची मालाच्या वजनावर. जेवढा भराभर भराल तेवढे पैसे. आता सांगा, वजनावर मजुरी घेणाऱ्या माणसाला "भाऊ, सावकाश ठेव" सांगून तो ऐकेल का? आणि का ऐकावं त्याने? त्याच्या घरची चूल त्या वजनावर पेटते.

आम्ही दोन हंगाम पाट्या लावल्या, "केळी हळू हाताळा". काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो मजुरीची पद्धत बदलल्यावर. टोळीला दिवसाचा ठरीव दर, घड खाली न टेकवता फोमच्या गादीवरून नेणं, फण्या तुरटीच्या पाण्यात धुणं, म्हणजे चीक डागत नाही, आणि तिकडून तक्रार आली नाही तर वर काही रक्कम. टोळीचा मुकादम सुरुवातीला नाराज होता. आता तोच नव्या पोरांना ओरडतो, "अरे, लेकरू उचलल्यासारखं उचल."

डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांत घोषणा काढून टाका आणि आकड्यांचं टार्गेट काढून टाका असं आहे म्हणतात. मी मूळ इंग्रजी वाचलेलं नाही, पण अर्थ मला बागेत कळला. मजुरी कशी मोजायची हे मुकादम ठरवत नाही, पॅकिंगचा तपासनीस ठरवत नाही. मी ठरवतो. दाग तिथून सुरू होतो.

नवी_पेठ

सगळं पटतं, पण व्यवहाराचं बोलू. माझा डाळीचा धंदा आहे. बाजारात गिऱ्हाईक येतं, मूठभर डाळ हातावर घेतं, रंग बघतं आणि भाव विचारतं. क्विंटलमागे दहा रुपये कमी कुठे मिळतात ते आधी बघतं. आयएसओ आहे का, असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. दुसरं, सर्टिफिकेट पैसे देऊन आठवड्यात मिळतं हेही सगळ्यांना माहीत आहे. मग प्रामाणिकपणे करणाऱ्याचा खर्च जास्त आणि भाव तोच. तोटा त्याचाच ना?

हिशेबनीस

नवी पेठ भाऊ, तुमचा आक्षेप रास्त आहे, म्हणून आकड्यांतच उत्तर देतो. मी एमआयडीसीतल्या काही युनिटांचे कॉस्टिंग करतो.

पाइपवाल्यांचं नेहमीचं वाक्य: "रिजेक्ट पाइप वाया जात नाही, ग्राइंडिंग करून परत वापरतो." वहीत तोटा शून्य. समजा १०० किलो पाइप रिजेक्ट झाला. तो माल बनवताना मशीनची वीज गेली, ऑपरेटर-हेल्परची मजुरी गेली, एक्स्ट्रुडरचा (पाइप काढणाऱ्या मशीनचा) वेळ गेला. मग ग्राइंडरची वीज, पल्वरायझरची वीज, उचलठेव. मग तो चुरा परत टाकायचा, तोही मर्यादेतच, कारण पुन्हा तापलेल्या पीव्हीसीचा जोर कमी होतो. आणि परत त्याच मशीनचा तेवढाच वेळ. म्हणजे एक्स्ट्रुडरने तेच १०० किलो दोनदा बनवले आणि विकले एकदा. गुणवत्तातज्ज्ञ आर्मंड फायगेनबॉम यांनी याला छुपा कारखाना म्हटलंय, कारखान्याच्या पोटात चाललेला दुसरा कारखाना, जो फक्त बिघडलेलं दुरुस्त करतो. आपल्या ताळेबंदात त्याचं स्वतंत्र खातं नसतं, म्हणून शेठना तो दिसत नाही.

आता तुमच्या डाळीचं. उतारा (तुरीमागे निघणारी डाळ) का पडतो याचा जाब कोणाला विचारता? सॉर्टेक्सवाल्याला आणि मिलच्या मिस्त्रीला. पण यार्डात लिलावात स्वस्त पडला म्हणून मिसळीचा, ओलसर तुरीचा लॉट कोणी घेतला? बारीक-मोठा दाणा एकत्र असला की रोल्यावर मोठा जास्त घासला जातो, बारीक तसाच कोरा निघतो. तेल-पाणी सारखं मुरत नाही, वाळवण सारखं होत नाही, गोटा (सोललेला अख्खा दाणा) फुटतो, तुकडा वाढतो, चुनी (बारीक भुगा) वाढते. सॉर्टेक्स रंग बघून वेगळं करतं, तुटलेला दाणा जोडत नाही. एक हंगाम लॉटप्रमाणे खरेदीभाव आणि उतारा शेजारी-शेजारी लिहून बघा. स्वस्त घेतलेले किती लॉट खरंच स्वस्त पडले ते कळेल. नुसत्या किमतीवर खरेदी करू नका हाही डेमिंग यांचाच मुद्दा, आणि तुम्ही करता तो निर्णय डाळ मिलमध्ये होत नाही, यार्डात होतो.

यासाठी सर्टिफिकेट लागत नाही हे मात्र मान्य.

नवी_पेठ

लॉटप्रमाणे उतारा आम्ही काढत नाही, महिन्याचा एकत्र काढतो. तुमचं म्हणणं डोक्यात राहील. ओलाव्याचं मीटर आहे, पण खरेदीच्या वेळी ते माणसाच्या अंदाजापुढे मागे पडतं. यंदाच्या हंगामात वेगळं लिहून बघतो.

बांभोरी_सर

इंजिनिअरिंगला शिकवतो, म्हणून एक प्रयोग सुचवतो. मेहरूणकाठ यांनी तो सुपरवायझरांसमोर जरूर करावा. डेमिंग तो व्याख्यानांत करून दाखवायचे.

४,००० मणी घ्यायचे: ३,२०० पांढरे, ८०० लाल. ५० खळगे असलेली एक फळी. सहा "कामगार" उभे करायचे. प्रत्येकाने फळी मण्यांत बुडवायची आणि ५० मणी उचलायचे. लाल मणी म्हणजे खराब माल. मग साहेबाने नेहमीसारखं वागायचं: ज्याला कमी लाल आले त्याची पाठ थोपटायची, ज्याला जास्त आले त्याला झापायचं, भिंतीवर घोषणा लावायच्या, शेवटी "खराब" तिघांना काढून टाकून "चांगल्या" तिघांकडून दुप्पट काम घ्यायचं. लाल मणी काही कमी होत नाहीत. सरासरी दहाच्या आसपास राहते, कारण भांड्यातच पाचातला एक लाल आहे. आज जो हिरो तो उद्या झिरो. भांडं भरलं कोणी? साहेबाने.

पोरं हसतात, पण खरंच ज्यांनी दंड भरलेला असतो ते हसत नाहीत, हे मी ट्रेनिंगमध्ये पाहिलंय. डेमिंग यांचा स्वतःचा अंदाज होता की अडचणींपैकी सुमारे ९४ टक्के व्यवस्थेतून येतात, आणि व्यवस्था ही व्यवस्थापनाची जबाबदारी. आकड्यावरून वाद घाला हवं तर, पण दिशा चुकीची नाही.

एरंडोल_क्यूसी

सरांच्या मण्यांना जोडून पाइपमधली एक सवय लिहितो. ही मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आणि ती मेहनती ऑपरेटरला जास्त असते.

पाइप कापला, मायक्रोमीटरने जाडी मापली, थोडी जास्त आली. लगेच पाना घेऊन डायचा (पाइपला आकार देणाऱ्या साच्याचा) बोल्ट फिरवला. पुढचा पाइप, जाडी थोडी कमी. परत उलटा फिरवला. दिवसभर हेच. माणूस घामाघूम, शेठ खूश की बघा किती लक्ष देतो. पण मशीनला स्वतःची एक थरथर असते. पावडरची घनता, हीटरचं चालू-बंद होणं, हॉल-ऑफचा वेग, सगळं मिळून जाडी आपोआप थोडी वर-खाली होणारच. त्या प्रत्येक हिंदोळ्याला उत्तर म्हणून तेवढाच बोल्ट फिरवला तर जाडीतला फरक कमी होत नाही, वाढतो. गणिताने सुमारे १.४ पट होतो. म्हणजे हात बांधून उभा राहिला असता तर पाइप जास्त सारखा निघाला असता!

यावर इलाज श्यूहार्टचा आलेख. रोजची मापं टिपायची, मधली रेघ आणि वर-खाली तीन सिग्माच्या रेघा (सिग्मा म्हणजे मापांच्या नेहमीच्या चढउताराचं माप). ठिपका आत आहे आणि काही वेगळी ओळ धरत नाही, तर पाना खाली ठेवा. ठिपका बाहेर गेला, तर मशीन थांबवून कारण शोधा. आतली थरथरच जास्त वाटते? मग ती ऑपरेटरला कमी करता येणार नाही. त्यासाठी चांगली पावडर, नवा स्क्रू किंवा चांगला कंट्रोलर लागेल, म्हणजे खरेदीची फाइल परत शेठच्या टेबलावर.

मेहरूणकाठ, याचा फायदा पहिल्यांदा पैशात दिसतो. फरक जास्त असला की किमान जाडी सांभाळायला सगळे सरासरीच जाड चालवतात. फरक कमी करा, सरासरी खाली आणता येते, आणि मानक न मोडता दर मीटरला कच्चा माल वाचतो.

भुसावळ_फोरमन

मी जुन्या वळणाचा माणूस. एक शंका आहे. सगळा दोष व्यवस्थेचा म्हटलं, दंड बंद केला, तर शिस्त राहील का? माणसं आळशीही असतात. दारू पिऊन पाळीला येणारा मी पाहिलाय. त्याला काय आलेख दाखवू?

वरणगाव_निवृत्त

आबा, त्याला आलेख दाखवू नका, घरी पाठवा. पिऊन येणं हे विशेष कारण. त्याचा बंदोबस्त त्या माणसापाशीच होतो आणि तो झालाच पाहिजे. डेमिंग यांनी कारणं दोन प्रकारची सांगितली, व्यवस्थेतली नेहमीची आणि एखाद्या वेळची विशेष, ती एवढ्याचसाठी.

पण भीतीचं वेगळं. आमच्या धंद्यात भीती म्हणजे धोका. वजनाच्या काट्यावर चूक झाली आणि माणूस शिक्षेच्या भीतीने ती दाबून ठेवू लागला, तर तो लॉट पुढे कोणाच्या हातात जाईल याचा विचार करा. चूक लगेच सांगणाऱ्याचं संरक्षण करायचं आणि लपवणाऱ्याला सोडायचं नाही. मला जे चांगले वरिष्ठ लाभले ते सगळे या बाबतीत अगदी कडक होते. टोयोटात तर लाइनवरच्या साध्या कामगाराला दोरी ओढून मदत बोलावता येते, आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. आपल्याकडे किती शेठना हे झेपेल?

भुसावळ_फोरमन

हे पटलं. लपवणाऱ्याचं तर शंभर टक्के. पण मुळात लोक लपवतात ते आमच्यासारख्यांच्या आवाजामुळे, असं तुमचं म्हणणं दिसतंय. त्यावर विचार करावा लागेल.

पांझरा

मी धुळ्याहून. आम्ही काही बायका मिळून मसाला-पापडाचं युनिट चालवतो. मिरची नंदुरबारची. वाचताना वाटलं हे सगळं मोठ्यांचं आहे, आलेख वगैरे. आमच्यासारख्यांनी कुठून सुरू करायचं? मुख्य अडचण म्हणजे पावसाळ्यात तिखटाला ओल धरते आणि रंग बदलतो. माल परत येतो आणि मग आपापसात कुरबुर, कोणी नीट वाळवली नाही म्हणून.

हिशेबनीस

ताई, तुम्ही आयएसओपासून सुरू करू नका. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची झेड योजना आहे, झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट. २०१६ मध्ये आली, एप्रिल २०२२ मध्ये नव्या रूपात आली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. फीवर अनुदान सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु ६० आणि मध्यम ५० टक्के असं ठेवलं आहे. महिलांच्या मालकीच्या युनिटला आणखी सवलत असते, पोर्टलवर चालू नियम बघून घ्या. आधी उद्यम नोंदणी हवी. ब्राँझसाठी जे विचारतात ते बरंचसं स्वच्छता, सुरक्षा, मोजमाप आणि नोंदी एवढंच असतं.

एरंडोल_क्यूसी

ताई, आणि कुरबुरीवर एकच उपाय: मिरचीच्या प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी. कधी आली, कोणाकडून आली, वाळवून कांडायला कधी घेतली, आणि ओलाव्याचा आकडा. साधं ओलावा मीटर घ्या. वाळलेली मिरची दातात नाही, आकड्यात बघायची. माल परत आला की चिठ्ठी काढायची आणि सगळ्यांनी एकत्र बसून वाचायची. एखाद्या व्यापाऱ्याचीच पोती वारंवार निघतील किंवा कांडल्यानंतर पाकीट सील व्हायला उशीर झालेला निघेल. जे निघेल ते निघेल, पण कोणा बाईच्या नावाने बोट दाखवणं थांबेल. तुमच्यात जी प्रमुख असेल तिने चिठ्ठी वाचताना शेवटी बोलावं. ती आधी बोलली की बाकीच्या गप्प बसतात.

पांझरा

ती प्रमुख मीच. हे लगेच करण्यासारखं आहे. पावसाळ्याआधीच सुरू करते.

केळीपट्टा

पुरवठादाराच्या मुद्द्यावर अजून कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. सातवं तत्त्व संबंधांचं. आम्ही रोपं टिश्यू कल्चरची घेतो. हरण्या हा विषाणूचा रोग आला की बागच्या बाग उपटावी लागते. आधी स्वस्त रोप कुठे मिळतं ते बघायचो. आता एकाच नर्सरीकडे ठरवून घेतो, ते लागवडीनंतर बागेत येऊन बघतात, शेजारच्या शेतात काकडीवर्गीय पीक आहे का विचारतात, कारण मावा तिथून येतो. त्यांच्या रोपात खोट निघाली तर ते कळवतात. हे नातं फोनवर भाव पाडून होत नाही. खरी गोठ शे भाऊ, जो दरवर्षी पुरवठादार बदलतो त्याला कोणताच पुरवठादार खरं सांगत नाही.

मेहरूणकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रिंट काढून फोरमनला आणि वडिलांना वाचायला दिलंय. वडील जास्त बोलले नाहीत, चिलरचा किस्सा मात्र दोनदा वाचला. आमचाही चिलर एका लाइनपुरताच घेतलेला आहे.

आता जे ठरलंय ते असं. सल्लागाराला सांगितलंय की फाइली आमचीच माणसं लिहितील, जशा कामाच्या आहेत तशा, मराठीत. तुम्ही शिकवा आणि चुका दाखवा. मॅनेजमेंट रिव्ह्यू (व्यवस्थापनाने घ्यायचा आढावा) वर्षातून एकदा ऑडिटच्या आदल्या दिवशी न करता दर महिन्याला करायचा, मी स्वतः बसायचं, आणि त्यात रिजेक्शनबरोबर ग्राइंडिंगला गेलेल्या किलोंचा हिशेब ठेवायचा. टाकीच्या पाण्याचं तापमान उद्यापासून लिहायला घेतोय. दंडाच्या बाबतीत वडिलांशी अजून बोलणं व्हायचंय, आणि ते सोपं जाणार नाही. पाळीच्या प्रॉडक्शनवर जो बोनस आहे तो केळीवाल्या भाऊंचं वाचल्यापासून डोक्यात घोळतोय. तो काढला तर माणसं नाराज होतील, ठेवला तर जाडी सांभाळण्याऐवजी मीटर काढण्याकडे लक्ष जाईल. यावर कोणी मार्ग काढला असेल तर लिहा.

आणि सर्टिफिकेट देणारी संस्था खरी की नावापुरती हे कसं ओळखायचं?

एरंडोल_क्यूसी

आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी आपल्याकडची संस्था म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालचं एनएबीसीबी. सर्टिफिकेटवर एनएबीसीबीची किंवा आंतरराष्ट्रीय करारातल्या दुसऱ्या मान्यता संस्थेची खूण आहे का बघा आणि आयएएफ सर्टसर्च या साइटवर नंबर टाकून पडताळा. जी संस्था "सल्लाही आम्हीच देतो, सर्टिफिकेटही आम्हीच देतो" म्हणेल तिला नमस्कार करा, नियमाने तसं करता येत नाही. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट होतं. ऑडिटर न येताच जर कागद येणार असेल तर समजून जा.

बोनसचं: आमच्याकडे पाळीचा बोनस काढून पूर्ण लाइनचा केला, तिन्ही पाळ्यांचा एकत्र, आणि तो चांगल्या पास झालेल्या मालावर, कच्च्या मालाच्या बचतीचा वाटा धरून. पाळी बदलताना आधी एकमेकांना मशीन बिघडलेलं सोपवायचे, ते कमी झालं. पहिले काही महिने बोनस आधीच्या सरासरीपेक्षा कमी पडणार नाही अशी हमी वहिनींनी लेखी दिली होती, म्हणून लोक तयार झाले. तुम्ही हमी दिल्याशिवाय बदलू नका.

भुसावळ_फोरमन

लेखी हमी फोरमनच्या हातात देऊ नका, नोटीस बोर्डावर तुमच्या सहीने लावा. फोरमनच्या तोंडून गेली तर माणसं विश्वास ठेवत नाहीत, हे मी खात्रीने सांगतो.